मुंबईचे संघ संपले, प्रशिक्षक उरला

खालिद जमील मुंबईच्या ज्या तीन व्यावसायिक संघांकडून खेळले, त्यांपैकी एकही आज देशाच्या अव्वल फुटबॉलमध्ये नाही. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. 2013 मध्ये एअर इंडिया तेव्हाच्या अव्वल आय-लीगमधून बाहेर पडला आणि 2017 मध्ये मुंबई एफसीचाही कारभार आटोपला.  मुंबईच्या मातीत घडलेला हा माणूस मात्र 2025 मध्ये भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला.

जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं आणि मुंबईत ते मधल्या फळीतले खेळाडू म्हणून नावारूपाला आले. कोलकात्याच्या बड्या संघांनी बोलावलं, तरी ते गेले नाहीत, कारण त्या संघांच्या प्रायोजक मद्य कंपन्या होत्या. त्या काळी कोलकात्याला नकार देणं म्हणजे पैसा आणि प्रसिद्धी दोन्हींवर पाणी सोडणं. ऐन उमेदीत हा निर्णय घेणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुखापतींनी खेळ थांबवला. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबई एफसीची सूत्रं हाती घेतली. पुढची सात वर्षं तुटपुंज्या पैशात हा संघ त्यांनी आय-लीगमध्ये टिकवून धरला. करंडक एकही नाही. बचावावर भर देणारा खेळ कंटाळवाणा वाटतो, अशी टीका मात्र भरपूर झाली.

2016-17 च्या हंगामाला ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. आधीच्या वर्षी हा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे संघ आय-लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही तिकडे आले. घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 नं हरवल्यावर, 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती. नवव्याच मिनिटाला डिपांडा डिकानं लाजोंगला पुढे नेलं. त्यानंतर तासभर सगळं टांगणीला लागलं. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली आणि ईशान्येतला संघ पहिल्यांदाच देशाचा विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून बाहेर गेला. मुंबईला आपल्याकडे काय होतं ते तेव्हा तरी कळायला हवं होतं.

इतकं होऊनही इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) त्यांच्या वाट्याला आधी दुय्यम जागाच आली, कारण मुख्य प्रशिक्षक परदेशीच हवा, हा तिथला रिवाज होता. 2021 मध्ये हंगामाच्या मध्यावर नॉर्थईस्ट युनायटेड त्यांच्याकडे सोपवला गेला आणि त्यांनी तो थेट उपांत्य फेरीत नेला. पुढे जमशेदपूरलाही त्यांनी तिथवर पोहोचवलं.

1 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. सावियो मदेइरांनंतर तेरा वर्षांनी या जागी भारतीय माणूस बसला. महिनाभरात मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर नमवून भारत तिसरा आला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरनं 2-1 नं हरवलं आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनंही हरवलं. या अपयशाचा जाब त्यांना द्यावा लागेलच. पण आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचे पहिले दोन सामने त्यांच्या नेमणुकीआधीच झाले होते आणि त्यांतून भारताला एकच गुण मिळाला होता.