गढूळ पाण्यातली गोडी

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोऱ्याला लागेपर्यंत पाण्याचा रंग साय न धरलेल्या चहासारखा झालेला असतो. हात कोपरापर्यंत बुडवला तर आपलीच बोटं आपल्याला दिसत नाहीत. ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाडीतून येणारा गाळ इथे बंदरात उतरतो. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत जवळजवळ ५ मीटरचा फरक पडतो, त्यामुळे हा गाळ रोज दोनदा तळापासून ढवळून निघतो. मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तर लाँच चिखलात रुतू नये म्हणून फेऱ्याच थांबवतात. प्रवासी वैतागतात. धक्क्याच्या कडेला गरवायला बसलेल्यांना मात्र त्याचं काही नसतं. गळाची दोरी, तंगूस, बोटावर ताणून ते बसून राहतात.

गळाला लावलेली असते अर्ध्या बोटाएवढी कोळंबी. या चहात मासा तिला शोधतो कसा, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो तिथेच. शेजारच्या काकांना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "कोलंबी ताजी पायजे. आन पाणी चालतं पायजे." दोनच वाक्यं. त्यामागे रसायनशास्त्राचा एक अख्खा धडा होता, हे मला फार उशिरा कळलं.

आधी कोळंबीचं. खाडीचं पाणी कधी खारट, कधी निमखारं. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जिवाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ पाहतं. ते आत टिकवायचं तर पेशींत काहीतरी विरघळून ठेवायला हवं. कोळंबी त्यासाठी ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं आणि बीटेन नावाचं द्रव्य साठवते. ग्लायसिन चवीला गोड असतं, त्याचं नावच गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं आहे. ताज्या कोळंबीच्या कालवणाला जी गोडी येते ती बरीचशी याच साठ्याची. पाणी जितकं खारं तितका हा साठा मोठा. म्हणजे कोळंबी स्वतःला जिवंत ठेवायला जे जमवते, त्यावरच आपण जिभल्या चाटतो आणि मासाही भुलतो! गळाने टोचलेल्या जागेतून ही गोडी पाण्यात झिरपू लागते. शिळ्या, दहादा धुतलेल्या, पांढरट पडलेल्या कोळंबीतून ती आधीच निघून गेलेली असते.

आता माशाचं नाक. त्याचा घशाशी संबंध नसतो आणि श्वासाशीही नाही. एका भोकातून पाणी आत येतं, गंधाच्या घड्यांवरून जातं, दुसऱ्यातून बाहेर पडतं. बस्स, वास घेणं एवढंच त्याचं काम. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये काही मिलिग्रॅम अमिनो आम्ल विरघळवलं, तरी ते अनेक माशांना जाणवतं. मिठाची चिमूट याहून कितीतरी जड भरेल. मात्र हा वास पोहोचवायला वाहतं पाणी लागतं. भरती पुरी होऊन पाणी थबकलं की वास आमिषाभोवतीच घोटाळतो. सुकती लागली की त्याची लांब रेघ समुद्राच्या दिशेने पसरत जाते आणि मासा त्या रेघेवरून उलटा, प्रवाहाविरुद्ध, पोहत येतो. काकांचं "चालतं पाणी" ते हे. ते केव्हा चालू लागणार हे त्यांना तिथीवरून कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, त्यानंतर सुमारे सहा तासांनी पुरी ओहोटी.

शिंगाळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या मिशा म्हणजे तोंडाबाहेर काढलेल्या जिभाच. या कुळातल्या एका अमेरिकी माशाच्या अंगभर लाखाहून जास्त रुचिकलिका मोजल्या आहेत. माणसाच्या तोंडात त्या जेमतेम दहा हजार. त्याला चव घ्यायला तोंड उघडावं लागत नाही, शेपटीला पदार्थ घासला तरी कळतं.

आणि मग २०१४ साली 'सायन्स'मध्ये जॉन कॅप्रिओ आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांचा निबंध आला. तो वाचून मी काही वेळ नुसताच बसून राहिलो. जपानच्या समुद्रातला एक मिशाळ मासा, शिंगाळ्याचा दूरचा भाऊबंद, रात्रीच्या अंधारात चिखलात दडलेले किडे शोधतो. गांडुळाचे हे खारे चुलतभाऊ बिळातून बाहेरही येत नाहीत. पण ते श्वास घेतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि बिळाच्या तोंडाशी पाणी अगदी किंचित आंबट होतं. पीएच ०.१ ने घसरावा, तेवढाही नाही. माशाला तो फरक मिशांवर लागतो! म्हणजे चिखलाखाली कोणीतरी श्वास सोडतंय याची चव तो घेतो. जिवंत किडा आमिष म्हणून का चालतो, याचं याहून अद्भुत कारण मला माहीत नाही. त्याची ही जाण सर्वांत तीक्ष्ण असते ती ८.१ ते ८.२ पीएचच्या, म्हणजे आजच्या समुद्राच्या पाण्यात. हवेतला कार्बन शोषून समुद्र थोडा अधिक आंबट झाला की ती झपाट्याने बोथट होते.

जिताड्याला मात्र वासाची चिठ्ठी पुरत नाही. त्याला हालचाल हवी. म्हणून कोळंबी जिवंतच, मर्म चुकवून शेपटीकडून अडकवतात. ती धडपडली, मागे उडाली, की तिने उठवलेली थरथर जिताड्याच्या कुशीवरच्या संवेदी रेषेला लागते. तो चावत नाही. जबडा एकदम फाकवून पाण्यासकट आत ओढतो. याउलट बोईट. शेवाळ आणि चिखलातला कुजका पाला खाणारा हा मासा कोळंबीला हुंगतही नाही, त्याला कणकेची बारीक गोळी लागते. 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस. त्यावरूनच शाकाहाराला 'निरामिष' म्हणतात. तेव्हा बोईटाच्या गळाला लावतात ते निरामिष आमिष म्हणायचं!

कोणत्या माशाला काय आवडतं याची वही आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त, साधारण ११२९ सालच्या ग्रंथात, राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' हे गळाने मासे धरण्याचं प्रकरण आहे. माशांच्या जाती आणि त्यांचं खाद्य त्यात सांगितलं आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातली. ओवीचा उल्लेख अभ्यासकांनी गाजवला, गळाचं प्रकरण बिचारं मागे राहिलं.

वरच्या अंगाला, पाताळगंगेच्या गोड्या पाण्यात, हीच वही गांडुळापासून सुरू होते. पहिल्या मोठ्या पावसात बिळं भरतात, गांडुळं वाहून ओढ्यांत येतात. त्याच पाण्यातून अंडी घालायला मासे वर चढतात, त्याला रायगडात वलगण म्हणतात. पोटात अंडी असलेले मासे त्या दिवसांत धरावेत का, यावर माझं मत धरू नयेत असंच आहे, पण वलगणीचा मोह रायगडकराला सांगून सुटत नाही.

त्या संध्याकाळी मोऱ्याला पाणी सुकतीला लागलं, लाँच बंद झाली, आणि काकांना दोन शिंगाळे मिळाले. माझ्या तंगुसाला काहीच नाही. डब्यात सात-आठ कोळंब्या उरल्या होत्या. त्या पाण्यात टाकायच्या का, असं मी विचारलं. काकांनी डब्याचं झाकण लावलं. "घरी न्यायच्या. वांग्यात टाकायच्या."