मिठाचं पाणी म्हणजे समुद्र नव्हे!

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टापायी समुद्री मासे आणायचं ठरलं, की कुणीतरी सांगतंच, “पाण्यात मूठभर मीठ टाका, झालं!” तसं मुळीच नाही हं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियमही आलं. म्हणून स्वयंपाकाचं मीठ नको, खास समुद्री क्षारच आणा.

पेटी भरल्याबरोबर मासे सोडू नका. माशांच्या शरीरातून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर चिमूटभर खाद्य टाकून पेटी चालू ठेवा. पाणी तपासून मगच मासे सोडा.

पाणी आटलं तर भर घाला ती क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याची. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात!

एवढं जमणार नसेल, तर मासे न आणलेलेच बरे. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही.