संगणक पेटी
मेजावर ठेवावयाच्या व्यक्तिगत संगणकाचे घटक ज्या धातूच्या पेटीत बसवितात, तिला संगणक पेटी म्हणतात. भारतीय बाजारात ती ‘कॅबिनेट’ या नावाने ओळखली जाते. घटकांना आधार देणे, त्यांची उष्णता बाहेर घालविणे आणि त्यांतून निघणाऱ्या रेडिओ तरंगांना अटकाव करणे ही तिची कामे होत. ती केवळ वेष्टन वाटली, तरी निरनिराळ्या कारखान्यांतील भाग आणून संगणक घरी जोडता येतो, तो तिची मापे ठरलेली असल्यामुळेच.

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आणलेल्या व्यक्तिगत संगणकाची रचना खुली असल्याने इतर उत्पादकांनी तिचे अनुकरण केले. पुढील ‘एटी’ पद्धतीच्या पेट्यांत मुख्य विद्युत् पुरवठ्याची तार दर्शनी बटणापर्यंत आणलेली असे, तसेच फलकाला वीज देणाऱ्या दोन सारख्या जोडण्यांची अदलाबदल झाल्यास फलक जळत असे. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या ‘एटीएक्स’ मानकात हे दोष राहिले नाहीत. या मानकानुसार मुख्य फलक, म्हणजे मदरबोर्ड, ३०५ × २४४ मिमी. असतो, आधाराच्या छिद्रांच्या जागा व मागील खिडकीचे मापही निश्चित असते. नंतरचे २४४ × २४४ व १७० × १७० मिमी.चे छोटे फलक यांतीलच काही छिद्रे वापरतात. म्हणून ते मोठ्या पेटीतही बसतात.

नवी पेटी घेताना ग्राफिक्स कार्डाची लांबी व प्रोसेसरवरील शीतकाची उंची तीत मावते ना, हे आधी पाहावे लागते. प्रोसेसर व स्मृतिपट्ट्या फलकावर पेटीबाहेरच बसविणे सोयीचे असते. अंगावरील स्थिर विद्युत् हाताला जाणवणारही नाही इतकी असली, तरी सूक्ष्म मंडले निकामी करू शकते. यास्तव पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करूनच भाग हाताळतात. फलक पत्र्यावर थेट न टेकता पितळी खुंट्यांवर उभा राहतो. फलकाला छिद्र नाही अशा जागी खुंटी राहिल्यास शॉर्ट सर्किट होते, आणि नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुकांत हीच सर्वांत महाग पडते. मागील खिडकीची पत्र्याची चौकट सुटी असल्यास ती फलकाआधी बसवावयाची असते. ती विसरल्यास सारे उकलावे लागते. दर्शनी बटणे व दिवे यांच्या बारीक तारा शेवटी जोडतात. यांपैकी दिव्यांच्या तारा उलट लागल्यास दिवा पेटत नाही, एवढेच.

पेटीची खरी परीक्षा उष्णतेत होते. हवा पुढून आत घेऊन मागून व वरून बाहेर टाकतात. आत ढकलली जाणारी हवा किंचित अधिक ठेवून प्रवेशमार्गावर जाळी लावल्यास फटींतून धूळ शिरत नाही. पंख्याने खेळविलेली हवा घटकांना खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात थंड प्रदेशातील अनुभवावर विसंबून चालत नाही. प्रोसेसर सु. १००° से.च्या आसपास पोहोचला की आपला वेग आपणच कमी करतो. असे असता दर्शनी बाजू काचेने बंद करण्याची अलीकडील हौस शोभेची असली, तरी शहाणपणाची नव्हे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सुट्या भागांतून संगणक जोडून देण्याचा व्यवसाय याच मापांच्या आधारावर वाढला. काही उत्पादक मात्र स्वतःच्या खास मापाचे फलक व वीजपुरवठा एकक वापरतात. अशा संगणकाचा एक भाग बिघडला व त्याच मापाचा दुसरा मिळाला नाही, तर चांगले भागही भंगारात जातात. मानक पेटी मात्र फलक व प्रोसेसर बदलून दोन-तीन पिढ्यांच्या संगणकांना पुरते. बहुधा पंखे तेवढे बदलावे लागतात.