क्लाउड संगणन : खर्च आणि नियंत्रण

एखादी संस्था स्वतःचा संगणक विकत घेते तेव्हा खर्चाचा निर्णय वापराच्या आधी झालेला असतो. गरजेचा अंदाज बांधला जातो, निविदा मागविल्या जातात, खरेदी समिती दरपत्रके पडताळते आणि अधिकाऱ्याची सही झाल्यावरच यंत्र दाराशी येते. त्याची नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत होते व पुढे दरसाल त्यावर घसारा धरला जातो. यंत्र दिवसभर चालले काय किंवा धूळ खात पडले काय, खरेदीपायी गेलेली रक्कम बदलत नाही. क्लाउड संगणनात हा क्रम उलटा होतो. तेथे वापर आधी आणि देयक नंतर येते. खर्चाचा निर्णयही समितीच्या बैठकीत होत नाही. पडद्यावरील कळ दाबणाऱ्या अभियंत्याच्या हातून तो दिवसातून अनेकदा होत असतो. क्लाउडच्या खर्चाचे नियंत्रण समजून घ्यावयाचे, तर प्रथम हा बदल ध्यानी घ्यावयास हवा.

भाड्याचा संगणक

‘क्लाउड’ म्हणजे मेघ. हे नाव काहीसे फसवे आहे. कारण या व्यवस्थेत अधांतरी असे काहीच नाही. मोठमोठ्या इमारतींतून हजारो संगणक मांडलेले असतात, त्यांना अखंड वीज व गारवा पुरविला जातो आणि त्यांच्या शक्तीचा हवा तेवढा वाटा इंटरनेटवरून भाड्याने दिला जातो. कल्पना जुनीच आहे. टेलिफोनप्रमाणे संगणन हीदेखील एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे भाकीत जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने १९६१ साली, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात केले होते. ते मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात येण्यास सुमारे ४५ वर्षे लागली. ॲमेझॉन या कंपनीने २००६ च्या मार्चमध्ये साठवणीची जागा आणि ऑगस्टमध्ये खुद्द संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. त्या वेळी लहान संगणकाचा दर तासाला १० सेंट आणि साठवणीचा दर एका गिगाबाइटला महिन्याकाठी १५ सेंट होता. २०१७ च्या ऑक्टोबरपासून यांतील अनेक यंत्रांची आकारणी तासाऐवजी सेकंदाच्या हिशेबाने होऊ लागली.

भारतातही ही व्यवस्था रुजली आहे. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रे २०१५ साली पुणे, चेन्नई व मुंबई येथे, तर ॲमेझॉनचे केंद्र २०१६ साली मुंबईत सुरू झाले. सरकारी खात्यांसाठी केंद्र शासनाने ‘मेघराज’ हा उपक्रम आखला आणि त्याखाली राष्ट्रीय क्लाउड २०१४ साली कार्यान्वित झाले.

एका विद्यापीठाचा हिशेब

या व्यवस्थेतील लाभ आणि धोका एकाच उदाहरणावरून स्पष्ट करता येईल. समजा, एका विद्यापीठाला परीक्षांचे निकाल इंटरनेटवर जाहीर करावयाचे आहेत. वर्षातील ३६३ दिवस त्याच्या संकेतस्थळाला २ यंत्रे पुरतात. निकालाच्या २ दिवशी मात्र लक्षावधी विद्यार्थी एकाच वेळी धाव घेतात व ४० यंत्रे लागतात. एक यंत्र एक तास चालणे, यास एक यंत्र-तास म्हणू. विद्यापीठाने ४० यंत्रे वर्षभर बाळगली, तर ३,५०,४०० यंत्र-तासांची सोय करावी लागेल. क्लाउडवर गरजेपुरतीच यंत्रे घेतली, तर वर्षाचा वापर अवघा १९,३४४ यंत्र-तास, म्हणजे आधीच्या अठराव्या हिश्श्याइतका भरेल. मागणी ज्यांच्याकडे लाटेसारखी येते व ओसरते अशा संस्थांना क्लाउडचे आकर्षण वाटते, ते या कारणामुळे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. निकाल लागला, धावपळ संपली आणि जादा ३८ यंत्रे बंद करावयाचे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. ती दररोज ९१२ यंत्र-तास रिकामी चालत राहतात. अशा स्थितीत २१ दिवस गेले, की वाया गेलेला वापर १९,१५२ यंत्र-तासांवर जातो. म्हणजे जवळजवळ संपूर्ण वर्षाच्या उपयुक्त वापराइतका! तीन आठवड्यांच्या विस्मरणाने वर्षभराची तरतूद खर्ची पडते. ग्रंथालयाची पुस्तके किंवा वसतिगृहाची दुरुस्ती ज्या निधीतून व्हावयाची, त्यातूनच ही रक्कम जाणार असते.

असे विस्मरण घडते यात नवल नाही. भाड्याची मोटार अंगणात उभी असली तर जाता-येता डोळ्यांना टोचते. क्लाउडमधील यंत्राचा ना आवाज येतो, ना त्याने खोली तापते. ज्या अभियंत्याने ते सुरू केले त्याच्या हाती देयक पडत नाही, आणि ज्या लेखापालाच्या हाती देयक पडते त्याला ते यंत्र कशासाठी आहे हे ठाऊक नसते. क्लाउडवरील बहुतेक अपव्यय या दोघांमधील अंतरातून जन्माला येतो.

देयकात काय असते?

क्लाउडच्या देयकात शेकडो ओळी असल्या, तरी त्यांचे मुख्य घटक तीन असतात : संगणकाचा वेळ, माहितीची साठवण आणि माहितीची वाहतूक. वेळेची आकारणी यंत्र सुरू असेपर्यंत होते. त्यावर काम चालू आहे की नाही हे पाहिले जात नाही. साठवणीचे स्वरूप वेगळे आहे. ती सावकाश परंतु सतत वाढते. यंत्र रद्द केले तरी त्याला जोडलेली तबकडी पुष्कळदा मागे उरते व तिचे भाडे चालूच राहते. जुन्या नकलांचे थरावर थर साचत जातात. क्वचित लागणाऱ्या माहितीसाठी स्वस्त कोठारे असतात. ॲमेझॉनने २०१९ साली उघडलेल्या अशा एका कोठाराचा दर एका टेराबाइटला महिन्याकाठी सुमारे १ डॉलर होता; नेहमीच्या साठवणीस त्याच सुमारास २३ डॉलर पडत. मात्र तेथून माहिती बाहेर काढण्यास १२ तासांपर्यंत वाट पाहावी लागते आणि निदान १८० दिवसांचे भाडे द्यावेच लागते. यास्तव दहा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिका तेथे ठेवणे योग्य ठरेल, यंदाच्या नव्हेत.

तिसरा घटक अनेकांच्या नजरेतून निसटतो. क्लाउडमध्ये माहिती नेण्यास सहसा काही पडत नाही. ती बाहेर आणताना मात्र जकात द्यावी लागते. काही लहान बाबीही पुढे मोठ्या होतात. उदाहरणार्थ, इंटरनेटवरील प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी ॲमेझॉनने २०२४ च्या फेब्रुवारीपासून तासाला अर्धा सेंट आकारण्यास सुरुवात केली. एका पत्त्याचे हे भाडे महिन्याला साडेतीन डॉलरच्या आसपास जाते. परंतु विसरलेले पत्ते दोनशे असतील, तर ती रक्कम नगण्य राहत नाही.

प्रत्येक खर्चाला धनी हवा

यावरील पहिला उपाय तांत्रिक नसून हिशेबी आहे. सरकारी जमाखर्चात जसे लेखाशीर्षाशिवाय एक पैही खर्ची टाकता येत नाही, तसेच क्लाउडमधील प्रत्येक यंत्राला व प्रत्येक तबकडीला एक खूणचिठ्ठी जोडावी लागते. तिच्यावर खाते, काम, जबाबदार व्यक्ती आणि समाप्तीचा दिनांक या चार गोष्टी असाव्यात. चिठ्ठीवाचून यंत्र सुरूच होणार नाही, अशी तजवीजही करता येते. एवढे झाले, की महिन्याचे देयक खातेवार फोडता येते. प्रारंभी प्रत्येक खात्याला त्याचा खर्च केवळ दाखवावा. आकड्यांवर विश्वास बसल्यावर तो त्या खात्याच्या तरतुदीतून वळता करावा.

ठरावीक रक्कम ओलांडली की सूचना मिळण्याची सोय सर्व प्रमुख कंपन्या देतात. तथापि अशी सूचना म्हणजे कुलूप नव्हे. ती मिळाल्याने यंत्र आपोआप थांबत नाही. शिवाय खर्चाचे आकडे काही तास उशिरा येतात. म्हणून सूचना कोणाकडे जाईल आणि ती मिळताच त्याने काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. कोणी जास्तीत जास्त किती यंत्रे सुरू करावीत याची मर्यादा घालणे, हा त्याहून भक्कम बांध होय.

काटकसरीचा क्रम

काटकसरीच्या उपायांना एक क्रम असतो, आणि तो मोडल्यास नुकसान संभवते. सर्वप्रथम, नको ते बंद करावे. आठवड्याचे तास १६८. चाचणीसाठीची यंत्रे पाच दिवस, रोज दहा तास लागत असतील, तर गरज ५० तासांची असते. उरलेले ११८ तास, म्हणजे सुमारे ७० टक्के काळ, ती बंद ठेवता येतात. त्यानंतर यंत्राचा आकार तपासावा. एकाच जातीच्या यंत्रांत एक पायरी खाली उतरल्यास भाडे बहुधा निम्मे होते. ज्या यंत्राची शक्ती महिनोन्‌महिने दशांशही वापरली जात नाही, ते लहान करण्यास हरकत नसावी.

यानंतरच दीर्घ मुदतीच्या कराराचा विचार करावा. एक किंवा तीन वर्षे ठरावीक वापर करण्याची हमी दिल्यास ॲमेझॉन ७२ टक्क्यांपर्यंत सवलत देते. परंतु हमी दिल्यावर वापर होवो वा न होवो, पैसे द्यावेच लागतात. वरील विद्यापीठाने वर्षभर चालणाऱ्या २ यंत्रांसाठी करार करणे शहाणपणाचे. ३८ यंत्रांसाठी तो करणे म्हणजे अपव्ययालाच सवलतीच्या दराने तीन वर्षांची मुदतवाढ देणे होय.

कंपनीची पडून असलेली यंत्रे ९० टक्क्यांपर्यंत कमी दरानेही मिळतात. मात्र ॲमेझॉनकडे ती अवघ्या २ मिनिटांच्या सूचनेने परत मागितली जाऊ शकतात. उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा लहान करण्यासारखे, मध्येच थांबले तरी पुन्हा सुरू करता येणारे काम त्यांच्यावर सोपवावे. निकालाचा दिवस नव्हे.

काटकसरीची मर्यादा

खर्च कमी करणे हे नियंत्रणाचे एक अंग झाले, उद्दिष्ट नव्हे. देयक घटावे म्हणून सुरक्षित नकला पुसून टाकल्या आणि पुढे मूळ माहिती नष्ट झाली, तर झालेली बचत कवडीमोल ठरते. म्हणून एकूण रकमेपेक्षा दर विद्यार्थ्यामागे किती खर्च आला, हा आकडा पाहणे अधिक उद्बोधक असते. विद्यार्थी दुप्पट झाले आणि देयक दीडपट झाले, तर व्यवस्था सुधारली असेच म्हणावे लागेल.

काही वेळा क्लाउड सोडणेही किफायतशीर ठरते. ड्रॉपबॉक्स या अमेरिकन कंपनीने ग्राहकांच्या फायलींची बहुतांश साठवण ॲमेझॉनकडून आपल्या स्वतःच्या यंत्रांवर आणली. त्यामुळे २०१६ व २०१७ या दोन वर्षांत मिळून ७ कोटी ४६ लक्ष डॉलरची बचत झाल्याचे तिने २०१८ च्या आपल्या निवेदनात नमूद केले. परंतु तिची साठवण प्रचंड होती, मागणी बरीचशी स्थिर होती आणि अशी यंत्रणा उभारणारे अभियंते तिच्या पदरी होते. वर्षातून दोनच दिवस गर्दी होणाऱ्या विद्यापीठाने तिचे अनुकरण करू नये. स्वतःच्या यंत्रालाही वीज, गारवा, दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचे वेतन लागतेच.

या साऱ्या अनुभवातून एक स्वतंत्र कार्यपद्धती आकारास आली असून ती ‘फिनऑप्स’ या नावाने ओळखली जाते. तिच्या प्रसारासाठी २०१९ साली एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०२० मध्ये ते लिनक्स फाउंडेशनमध्ये सामील झाले. खर्च दृष्टीस आणणे, तो सुधारणे आणि ही शिस्त नित्य चालविणे, अशा तीन पायऱ्या या पद्धतीत मानल्या असून त्या वारंवार चढावयाच्या असतात.

विद्यापीठापुरते बोलावयाचे झाल्यास, यासाठी मोठे खाते उघडण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा अभियंता आणि लेखापाल यांनी देयक समोर ठेवून एकत्र बसावे. एकाने यंत्राचे काम सांगावे, दुसऱ्याने त्याचा दाम सांगावा. निकालाच्या कामाची योजना आखतानाच जादा ३८ यंत्रे कोणी, कोणत्या दिवशी बंद करावयाची, हेही कागदावर उतरलेले असावे. यंत्र सुरू करण्याच्या आदेशावर जशी सही असते, तशी ते बंद झाल्याच्या नोंदीवरही असली, म्हणजे वर्षभराची तरतूद वर्षभर पुरेल.