जुळणीकक्षातले अनोळखी रहिवासी

इतर ग्रहांचे हानिकारक दूषण टाळायचे, हे बंधन १९६७च्या बाह्य अवकाश कराराने घातले आहे. म्हणूनच मंगळावर जाणारी याने गाळलेल्या हवेच्या क्लीनरूममध्ये जोडली जातात. तिथेही जिवाणू सापडतात, यात नवल नाही. माणूस आत गेला की तेही गेलेच. प्रश्न आहे तो ते किती आहेत एवढे मोजून थांबायचे, की कोण आहेत हेही शोधायचे, हा. माझ्या मते नुसत्या मोजणीवर विसंबणे धोक्याचे आहे. नासाच्या ठरलेल्या चाचणीत पृष्ठभागावरून घेतलेला नमुना ८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे तापवतात, मग पोषक माध्यमावर ३२ अंशांना ७२ तास ठेवून उगवलेल्या वसाहती मोजतात. तापवल्यावर टिकतात ते मुख्यतः बीजाणू. बाकीचे हिशेबातच येत नाहीत. ‘टर्सिकोकस फीनिसिस’ असाच निसटणारा. तो बीजाणू करत नाही. फिनिक्स यानाच्या जुळणीच्या वेळी, २००७ साली, फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रात तो मिळाला आणि पुढे हजारो किलोमीटर दूर, फ्रेंच गयानातल्या कुरू येथील क्लीनरूममध्येही. २०१३ साली त्याच्यासाठी नवी प्रजातीच नव्हे, नवा वंशही मानावा लागला.

ओळख पटवणे मात्र सरळ काम नाही. पहिली तपासणी होते ती १६एस आरआरएनए जनुकाची, सुमारे दीड हजार अक्षरांची. ते ज्ञात प्रजातींशी ९८.७ टक्क्यांहून कमी जुळले, तर नव्या प्रजातीचा संशय घ्यायचा. पण जास्त जुळले म्हणजे प्रजाती तीच, असे म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या जुळणीकक्षात सापडलेला ‘बॅसिलस सेफेन्सिस’ या जनुकावरून ‘बॅसिलस प्युमिलस’पासून जवळजवळ वेगळा काढताच येत नव्हता, ‘जायरबी’ या दुसऱ्या जनुकाने त्यांच्यातला फरक उघड केला. आता संपूर्ण जीनोम ताडून पाहतात आणि साम्य साधारण ९५ टक्क्यांच्या खाली गेले, की प्रजाती वेगळी धरतात. फिनिक्सच्या काळात जपून ठेवलेल्या जिवाणूंमधून २०२५ साली तब्बल २६ नव्या प्रजाती निघाल्या त्या अशाच.

यावर कोणी म्हणेल, मारायचेच आहेत तर नावे कशाला हवीत? पण सफाईच निवड करते. क्लीनरूममधले काही ‘असिनेटोबॅक्टर’ सफाईच्या अल्कोहोलचेही विघटन करतात आणि ‘प्युमिलस’चा एसएएफआर-०३२ हा वाण अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला दाद देत नाही. कोणाला मारायचे हे ठाऊक नसेल, तर औषध कोणते हेही ठरत नाही. शिवाय उद्या मंगळावरच्या नमुन्यात जीवाची खूण दिसली, तर ती आपणच नेलेली नाही हे दाखवायला घरच्यांची यादी हाताशी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रयोगशाळेत वाढवण्याचा खटाटोप सोडा, धुळीतला सगळा डीएनएच वाचा. याने न वाढणारेही पकडले जातात, हे खरे. पण मेलेल्यांचा डीएनएही मागे उरतो. जिवंत-मृत वेगळे करणारी रसायने आहेत. तरी एखादा जिवाणू पेरॉक्साइडला किती पुरून उरतो, हे बघायला तो जिवंतच हाती असावा लागतो. म्हणून दोन्ही वाटा लागतात. तेवढ्यानेही सगळे सापडतील असे नाही: उपाशी आणि कोरड्या अवस्थेत ‘टर्सिकोकस’ सुप्त होतो, माध्यमावर उगवत नाही आणि विशिष्ट प्रथिन दिल्यावरच पुन्हा वाढू लागतो.