बागेचा पैसा येतो कुठून?

मंडळी, एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. घराजवळच्या बागेतला झोपाळा तुटला, तर तो दुरुस्त करणं कुणाचं काम? पालघरमध्ये असाल तर 'नगरपरिषदेचं' असं चटकन उत्तर येईल. बोईसरमध्ये मात्र आधी विचारावं लागतं, झोपाळा आहे कुणाच्या जागेत? ग्रामपंचायतीच्या, एमआयडीसीच्या, की एखाद्या गृहसंकुलाच्या?

आधी पालघर घेऊ. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक 1965 च्या कायद्याप्रमाणे फेब्रुवारीत सभेपुढे येतं. त्याचे दोन भाग असतात. नवं काही बांधायचं तर तो भांडवली खर्च. माळ्याचा पगार, पाणी, वीज, दुरुस्ती हा महसुली खर्च. आता गंमत बघा. भांडवली पैसा बराचसा बाहेरून येतो: नगरोत्थान योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी. महसुली खर्च मात्र मुख्यतः घरपट्टीसारख्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचा. त्यामुळे छोट्या शहरांत नवी बाग होते आणि जुनीला माळी मिळत नाही. ओपन जिमचं उद्घाटन होतं, फलक लागतो. वर्षभरानं त्या यंत्राला ग्रीस हवं असतं, आणि ग्रीसच्या डब्यावर कुणाचं नाव लिहिता येत नाही.

मोठ्या योजनांचे निकषही आड येतात. केंद्राच्या 2015 च्या अमृत योजनेत बागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद होती, पण योजना मुख्यतः एक लाखाच्या वरच्या शहरांसाठी. पालघरची 2011 ची लोकसंख्या 69 हजारांच्या आसपास. 2021 ची अमृत 2.0 सर्व वैधानिक शहरांना खुली झाली, म्हणजे पालघरला दार उघडलं. बोईसरला नाही. कारण बोईसर जनगणनेच्या दृष्टीनं शहर, कायद्याच्या दृष्टीनं गाव! 2011 लाच तिथं 36 हजार माणसं होती. शेजारी सरावली, खैरापाडा, पास्थळ या वेगळ्या ग्रामपंचायती. वस्ती सलग आहे, तिजोऱ्या मात्र निराळ्या.

या ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 साठी जो निधी ठरला, त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांत गटार, रस्ता, दिवे यांच्याशी भांडून बागेला जागा मिळवायची. आणि हे कुठं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूरला 90 च्या वर गुण होते. 70 च्या वर अतिप्रदूषित समजतात. म्हणजे मोकळ्या जागेची, झाडांची गरज जिथं सर्वांत जास्त, तिथंच ती कुणाच्याही यादीत वरती नाही. औद्योगिक क्षेत्रातल्या मोकळ्या जागांचं नियोजन एमआयडीसीकडे, आणि कामगारांची पोरं राहतात हद्दीच्या पलीकडे, चाळीत.

मग थोडा पैसा असताना आधी कुठं घालायचा? माझं मत स्पष्ट आहे: आधी जागा. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण असतं, पण ते कायमचं नसतं. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 सांगतं, की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत. सरळ सांगायचं तर बाग गेली, इमारत आली. ज्या जागेवर नोटीस आली आहे तिचा क्रमांक पहिला, मग तिथं एकही झाड नसलं तरी चालेल. मालक तयार असेल तर रोख पैशाऐवजी टीडीआर देता येतो. दुसरा क्रमांक देखभालीचा. कारंजी, रंगीत दिवे सगळ्यात शेवटी. हे लोकप्रिय नाही, ठाऊक आहे मला.

क्रम ठरवायची एक पद्धत अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरानं 2016 पासून वापरली. प्रत्येक बागेला गुण दिले: भोवती गरिबी किती, दाटी किती, मुलं किती, साहित्य किती जुनं, आणि पूर्वी तिथं खर्च किती झाला. शेवटचा निकष मला फार आवडतो. पालघरात असा तक्ता केला, तर रेल्वेच्या पूर्वेला किती आणि पश्चिमेला किती, नवली-वेवूरच्या वाट्याला काय, हे एका पानावर दिसेल. आपल्याकडे मात्र एक निकष वाढवावा लागेल: रूळ न ओलांडता मूल तिथं पोचतं का?

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, 'आम्ही मागायचं काय?' पालघरकरांनी जानेवारीतच दोन कागद मागा. आरक्षित जागांची यादी, आराखड्याची तारीख आणि नोटिशीची तारीख यांसह. आणि बागांच्या देखभालीवर गेल्या तीन वर्षांत झालेला खर्च. बोईसरकरांनी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभेत बागेचं काम लेखी नोंदवून घ्या, तोंडी नको. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात.