स्थलांतर आणि मद्यपान

फाल्गुन सरत आला, कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. पहांटेस स्त्रिया व मुलें तीं वेंचून वाळवितात. या वृक्षाचें संस्कृत नांव मधूक. रघुवंशांतील इंदुमतीच्या स्वयंवरमाळेंत दूर्वांसह हींच फुलें गुंफिलेलीं आहेत.

या फुलांची दारू गोंड समाजांत जन्म, विवाह व मृत्यु या प्रसंगीं देवांस व पितरांस अर्पण करितात. तेथें तिला प्रसंग असतो, विधि असतो आणि वडीलधाऱ्यांची दृष्टि असते. गांवीं कोणी मर्यादा ओलांडीतच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ओलांडल्यास टोंकणारे जवळ असतात.

मजूर गांव सोडतो, तेव्हां हें सर्व मागें राहतें. तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. त्यांवर मजुरांच्या वस्त्या वाढल्या. आज धानाची कापणी आटोपली, कीं कित्येक भूमिहीन माणसें नागपुराकडे बांधकामांवर जातात. तेथें दिवसभर अंग मोडणारे श्रम, हातीं रोकड, सायंकाळीं एकटेपणा आणि जवळच दारूचें दुकान! देव, पितर व वृद्ध गांवींच राहिले. पेला तेवढा बरोबर आला.

हें केवळ येथेंच घडतें असें नाहीं. मेक्सिको व दक्षिणेकडील देशांतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास तेथील संशोधकांनीं केला आहे. मायदेशीं ज्या स्त्रियांस मद्यपान अशिष्ट मानीत, त्यांच्यांत नवी भाषा व चालीरीति अंगवळणीं पडतां पडतां तें वाढलेलें आढळलें.

केवळ कायद्यानें हा प्रश्न सुटेल काय? आमच्या दक्षिणेस गडचिरोलींत १९९३ सालापासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं आलेली बंदी २०२१ सालीं उठली. कायद्यास आधार लागतो तो माणसांचा.

म्हणून मजुराचें व्यसन पाहून त्याच्या जातीस नांवें ठेवणें अन्यायाचें आहे. आपलींही मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुणें, बंगळूर, अमेरिका येथें एकटीं राहतात. श्रम, पैसा आणि एकटेपणा त्यांच्याही वांट्यास येतो. त्यांस पैसे पोंचले कीं नाहीं, एवढेंच विचारून थांबूं नये. संध्याकाळ कोणाच्या संगतींत जाते, हेंही मायेनें विचारावें, आणि उत्तर अप्रिय असलें तरी शांतपणें ऐकून घ्यावें.